शेजाऱ्यांना विचारलेली विहीर

निवृत्तीच्या दिवशी फीतवाल्यांच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. एक, साहेबांच्या हातून मानपत्र. दोन, ज्या पोलादी फितीनं त्यांनी एकतीस वर्षं विहिरींचं पाणी मोजलं ती फीत, कायमची घरी न्यायला. आणि तिसरी अशी, की तिच्यासाठी त्यांनी पहिल्या दोन खुशाल सोडून दिल्या असत्या: त्यांची नोंदवही कचेरीच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवली जाणार होती. खाली पितळी पट्टी: 'अठ्ठावन्न विहिरी, एकतीस वर्षं, एकही रकाना रिकामा नाही.'

वर्षातून दोन फेऱ्या, एक उन्हाळ्याच्या शेवटी, एक हिवाळ्याच्या तोंडी. म्हणजे तीन हजार पाचशे शहाण्णव आकडे. गुणाकार मीच करून दिला होता, कारण पट्टी कोरणाऱ्याला आकडाही घालायचा होता. नंतर जागा पुरेना म्हणून तो वगळला, आणि बरं झालं.

मी कचेरीचा ड्रायव्हर. एकतीसपैकी एकोणीस वर्षं फीतवाल्यांना जीपमधून मीच फिरवलं. समारंभात माझा फायदा काय, तर पहिल्या रांगेत खुर्ची. एरवी ड्रायव्हरची जागा गाडीत पहिली आणि सभेत शेवटची असते, त्यामुळे खुर्ची काही लहान नव्हती.

फीतवाल्यांची मुलगी चार महिन्यांपूर्वी आमच्याच पाणी खात्यात लागली होती. सहा महिन्यांची नेमणूक. वडिलांच्या आकड्यांवरून सगळ्या गावाच्या भूजलाचा नकाशा काढायचा, आणि तो साहेबांना पटला तर नोकरी कायम. कचेरीत कुणाचं खरं नाव टिकत नाही; तिचं आठ दिवसांत 'नकाशेवाली' झालं. समारंभात वडिलांचा सत्कार आणि मुलीचा नकाशा एकाच मांडवाखाली उरकायचं साहेबांनी ठरवलं. एका हारात दोन माना बसवण्यात आमच्या साहेबांचा हात कुणी धरणार नाही.

नोंदवही मुलीच्या ताब्यात देताना फीतवाल्यांनी ती धुतलेल्या कापडात गुंडाळून आणली होती.

"हात धुतलेस?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"बाबा, मी फक्त आकडे उतरवून घेणार आहे. ऑपरेशन नाही करणार."

"आकडेच आहेत ते. म्हणून विचारलं."

मुलीनं कचेरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारं नकाशाचं सॉफ्टवेअर घातलं. फुकट म्हटल्यावर साहेबांच्या कपाळाला आठी. "फुकट का देतात? आत काहीतरी खोट असणार."

"साहेब, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय ते. आतली शिवण कुणालाही उसवून बघता येते. खोट असली तर दिसते."

शिवण हा शब्द तिच्या तोंडून आला आणि फीतवाल्यांनी मान खिडकीकडे वळवली. का, ते पुढे येईलच. तिचे मोठे काका, म्हणजे फीतवाल्यांचे सख्खे थोरले भाऊ, शिंपी होते आणि लहानपणी ती त्यांच्या मशीनखालीच चिंध्या वेचत वाढली होती.

सॉफ्टवेअर जे करतं त्याला क्रिगिंग म्हणतात. नाव परकं, पण काम ओळखीचं निघालं. विहिरी अठ्ठावन्न, गाव मात्र त्यांच्यामधल्या जागेतही राहतं. जिथं विहीर नाही तिथं पाणी किती खोल, हे सांगायचं कसं? आसपासच्या विहिरींना विचारायचं. जवळचीचं म्हणणं जास्त धरायचं, लांबचीचं कमी. दोन विहिरी एकमेकींना चिकटून असतील तर दोघींची मिळून एकच साक्ष धरायची, कारण त्या एकच गोष्ट दोनदा सांगतात. आणि जवळ म्हणजे किती जवळ, हे आपल्या मनानं ठरवायचं नाही, ते जुन्या आकड्यांतून आधी हुडकायचं. वर हे सॉफ्टवेअर एक दुसरा नकाशाही काढून देतं: आपल्याला कुठं किती माहीत नाही, त्याचा. जिथं मोजलंय तिथं पांढरा, जिथं नाही तिथं करडा.

"माणसांचा असा नकाशा निघायला पाहिजे," फीतवाले माझ्या कानात म्हणाले. "साहेबांचं डोकं सगळं करडं येईल."

नकाशा खरा की खोटा हे पारखायची एक रीत असते. मुलगी तिला झाकाझाकी म्हणायची. एक विहीर झाकायची, जणू ती नाहीच. बाकीच्या सत्तावन्न विहिरींना तिचं पाणी विचारायचं. मग झाकण काढून खरा आकडा बघायचा. असं एकेक करत अठ्ठावन्न वेळा. ज्या दिवशी तिनं हे सगळ्यांना करून दाखवलं त्या दिवशी कचेरीत काम झालं नाही. एरवीही फारसं होतं असं नाही, पण त्या दिवशी कारण होतं.

पहिली विहीर झाकली. नकाशा चाळीस सेंटिमीटरनं चुकला. दुसरी, सत्तर. पाच नंबरला तर दीड मीटर. फीतवाले मिशीत हसत होते.

"बघा! मशीनला विहिरीत वाकून बघता येत नाही ना."

"बाबा, सरासरी पासष्ट सेंटिमीटरची चूक म्हणजे चांगला नकाशा."

"पासष्ट? मी एका सेंटिमीटरनं चुकलो असतो तर रात्रभर तळमळलो असतो."

मग आली सदतीस नंबरची. मुलीनं झाकली. नकाशा म्हणाला, अकरा मीटर चाळीस. झाकण काढलं. नोंदवही म्हणत होती, अकरा बेचाळीस.

दोन सेंटिमीटर! हेडक्लार्क बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिथल्या तिथं फलक लिहायला सांगितला: 'अचूकता: दोन सेंटिमीटर.' उरलेल्या सत्तावन्न विहिरींचं काय, असं कुणी विचारलं नाही. फलकावर एकाच आकड्याला जागा असते. सगळे मुलीकडे बघत होते. मी फीतवाल्यांकडे बघत होतो. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ते एवढंच म्हणाले, "पुढची घे."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जीपच्या काचा पुसत होतो. मुलगी आली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली.

"ड्रायव्हरमामा, खरी विहीर शेजाऱ्यांचं इतकं ऐकते का हो?"

"कुठली विहीर?"

"तुम्हांला माहीत आहे कुठली."

मी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

"मी जुन्या सगळ्या फेऱ्या तपासल्या," ती म्हणाली. "पहिली चोवीस वर्षं सदतीस नंबरचा अंदाज मीटर, सव्वा मीटरनं चुकतो. ती विहीर पहिल्यापासून हट्टी आहे, खाली कातळ असणार. मग सात वर्षांपूर्वी, एका फेरीपासून, अचानक गुणी बाळ झाली. दोन सेंटिमीटर, तीन, एक, चार. ओळीनं चौदा फेऱ्या. बाकीच्या कुणीही एवढं ऐकलेलं नाही." तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "आणि ती फेरी ताईच्या लग्नानंतरची पहिली."

ताई म्हणजे मोठ्या काकांची मुलगी. त्या लग्नाला मीही जेवलो होतो, त्यामुळे मलाही सगळं माहीत. पंगत उठत होती, आणि थोरले भाऊ व्याह्यांच्या घोळक्यात विनोद करायला गेले: "आमचा धाकटा सरकारी माणूस! काम काय, तर विहिरीत दोरी सोडायची आणि वर काढायची. शेंबडं पोरही करील." घोळका हसला. फीतवाले हातातला पाण्याचा पेला खाली ठेवून जे निघाले, ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. आणि सदतीस नंबरची विहीर नेमकी त्या घराच्या परसात.

"लॉगबुक बघू," मुलगी म्हणाली.

माझ्या लॉगबुकाचा मला अभिमान आहे. कचेरीत ते कुणी वाचत नाही, पण एक किलोमीटर मी त्यात कधी खोटा घातला नाही. शिंप्याच्या गल्लीत आत जाऊन पलीकडून वळसा घालून परत यायचे चार किलोमीटर. त्या फेरीपासून प्रत्येक फेरीत चार किलोमीटर कमी. तिनं बोट ठेवलं, मी मान हलवली, झालं. एकतीस वर्षांच्या नोंदवहीतलं खोटं माझ्या चोपड्यात सात वर्षं खरं लिहून पडलेलं होतं.

"तुम्ही बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही, बाळ. आणि ते गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला सांगून गाडीतच असे काही बसून राहायचे, की माणसानं चहा प्यायला निघूनच जावं."

"बसून काय करायचे?"

मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. डिझेलच्या पावत्या मी टाकून देत नाही. चौदा फेऱ्यांच्या पावत्यांमागे पेन्सिलीचे आकडे होते. तिनं एक घेतली, दुसरी घेतली, आणि वाचता वाचता बॉनेटवरून उठून सरळ उभी राहिली. फीतवाल्यांनी तीन शेजारच्या विहिरी घेतल्या होत्या. सर्वांत जवळचीला दहातले पाच हिस्से, पुढचीला तीन, तिसरीला दोन. एका पावतीवर चौथी विहीर लिहून खोडली होती आणि बाजूला बारीक अक्षरात: 'हिचं काय विचारायचं, पहिलीच्या पलीकडेच आहे, तिचीच री ओढते.'

"माझं सॉफ्टवेअर," मुलगी हळूच म्हणाली, "पहिलीला अठ्ठेचाळीस टक्के देतं, दुसरीला एकतीस, तिसरीला अठरा. आणि चौथीला जवळजवळ काहीच नाही. नेमकं याच कारणासाठी."

तिला रडू येत होतं की हसू, मला कळलं नाही. वडिलांची लबाडी सापडली होती आणि त्याच कागदावर वडिलांची हुशारीही. असा कागद हातात आला तर मुलीनं कुठला चेहरा करावा?

समारंभाला चार दिवस उरले होते. साहेबांकडून तिनं 'एका विहिरीच्या पडताळणीसाठी' जीप मागून घेतली. फीतवाले पुढे माझ्या शेजारी, मांडीवर फीत. मुलगी मागे, तिच्या मांडीवर कॉम्प्युटर. शिंप्याच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर माझा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

मुलीनं मागून एक पावती पुढे धरली. फीतवाल्यांनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं माझी एकोणीस वर्षांची चाकरी वजा झाली.

"फितूर," ते म्हणाले.

"मामांना काही बोलू नका. मला आकड्यांनीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की सगळ्या नोंदवहीत ही एकच विहीर चुकत नाही. बाबा, खऱ्या गोष्टी थोड्या तरी चुकतात हो."

फीतवाल्यांनी पावती हातात घेऊन आपलेच आकडे पुन्हा वाचले. मग त्यांनी जे विचारलं ते मी मेलो तरी विसरणार नाही. "तुझ्या मशीनचे किती आले? पहिलीला?"

"अठ्ठेचाळीस टक्के."

"मी पन्नास धरले होते."

"माहीत आहे."

"दोनच टक्क्यांचा फरक." त्यांची छाती इंचभर पुढे आली, आणि काय चाललंय हे आठवून पुन्हा आत गेली.

"कुठं शिकलात हे?"

"शिकायचं काय त्यात? जवळच्याचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी."

"आणि ज्याच्याबद्दल विचारायचं, त्याला सोडून सगळ्यांना विचारायचं," मुलगी म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला. "ऐका. मी सदतीस नंबर नकाशातून काढून टाकते. कुणाला काही सांगायची गरज नाही. तुमची वही तशीच पेटीत जाईल. तुम्ही म्हणाल तसं."

मला वाटलं, सुटले. त्यांच्या जागी मी असतो तर तिथल्या तिथं गाडी फिरवायला सांगितली असती.

"काढून टाकलीस तर इथं काय दिसेल?" फीतवाल्यांनी विचारलं.

तिनं कॉम्प्युटर पुढे सरकवला. पांढऱ्या गावाच्या मधोमध, शिंप्याच्या गल्लीवर, हाताच्या तळव्याएवढा करडा डाग.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

"माझ्या सख्ख्या भावाच्या घरावर 'माहीत नाही'?" त्यांनी बोटानं डाग पुसून बघितला. मग फितीची मूठ आवळून म्हणाले, "गाडी आत घे रे. चार किलोमीटर लिही तुझ्या चोपड्यात."

थोरले भाऊ दुकानातच होते, मशीनवर, तोंडात दोन टाचण्या. जीप दाराशी थांबली तरी पायडल थांबलं नाही. बाहीची शिवण संपवली, दोरा दातानं तोडला, टाचण्या काढल्या, आणि मग वर पाहिलं.

"या! नोकरीचे चार दिवस उरल्यावर आठवण झाली?"

"मी विहिरीकडे आलोय, दादा. तुझ्याकडे नाही."

"मग विहीर काय हवेत तरंगते? माझ्या परसात आहे ती. चपला काढ."

फीतवाल्यांनी चपला काढल्या. मी त्यांना सात वर्षांत कुणाचं इतकं चटकन ऐकताना पाहिलं नव्हतं.

परसात विहीर, तिच्यावर रहाट, कडेला रिकाम्या घागरींची रांग. फीतवाल्यांनी कठड्यावरची जुनी खूण अंगठ्यानं पुसून शोधली आणि फीत सोडली. अकरा मीटर गेले, काही नाही. बारा. तेरा. त्यांचा चेहरा बदलत गेला. चौदा. खालून बारीकसा आवाज आला. वर ओढून त्यांनी ओल्या खुणेपाशी नख लावलं.

"चौदा नव्वद," ते म्हणाले.

मुलीनं लिहून घेतलं. साडेतीन मीटरचा फरक. आमच्या कचेरीचा नियम असा, की उन्हाळ्यात जिथं पाणी तेराच्या खाली जाईल तिथं टँकर जातो. आणि तो जातो नोंदवही बघून.

"तीन उन्हाळे झाले, गल्लीतल्या बायका दोन गल्ल्या ओलांडून पाणी आणतायत," थोरले शांतपणे म्हणाले. "दोनदा अर्ज केला त्यांनी. कचेरीनं कळवलं, तुमच्या विहिरीला पाणी आहे, नोंद आहे."

"तू बोलला असतास तर?"

"काय बोललो असतो? माझा भाऊ खोटं लिहितो म्हणून? चार लोकांत?" ते उसळून म्हणाले. "एकदा चार लोकांत बोललो त्याचं काय झालं, बघतोय ना सात वर्षं!"

मग थोरलेच दुकानात गेले आणि मापाची वही घेऊन आले. गिऱ्हाइकांची नावं, छाती, कंबर, बाही. पान उलटून त्यांनी बोट ठेवलं. गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं 'विहीर'. पुढे तारीख. उंची: सहाशे सव्वीस इंच.

"माझ्या मशीनवरून गल्लीचं तोंड दिसतं," ते म्हणाले. "दर फेरीला तुमची जीप तिथं उभी राहायची. वाटायचं, आज येईल. नाही आला की मी जायचो आणि दोरीला दगड बांधून मोजायचो. म्हटलं, कधी आला आणि विचारलं, तर आकडा हाताशी असावा."

मुलगी भराभर पानं उलटत होती. "काका, नऊच आहेत. फेऱ्या चौदा झाल्या."

"एकदा डोळ्याचं ऑपरेशन होतं. बाकीच्या चार वेळेस राग फार होता."

फीतवाल्यांनी वही घेतली. "कुठून धरलंस माप? कठड्यावरून?"

"रहाटाच्या चाकावरून. दोरी तिथूनच सुटते ना."

ते रहाटाशी गेले, चाकापासून कठड्यापर्यंत फीत लावली. एक मीटर दहा. मुलीनं इंचांचे मीटर केले, त्यातून एक दहा वजा केले. "चौदा ऐंशी. तीन आठवड्यांपूर्वीचं."

"आणि आज चौदा नव्वद. तीन आठवड्यांच्या उन्हात दहा सेंटिमीटर." फीतवाल्यांनी वही भावाच्या हातात परत दिली. एकोणीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणाच्या मोजणीला बरी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "बरोबर आहे. अगदी बरोबर मोजलंयस, दादा."

थोरल्यांनी गळ्यातली इंचपट्टी उगाचच सारखी केली. "दोरी सोडायची आणि वर काढायची. त्यात काय, शेंबडं पोरही..." म्हणता म्हणता त्यांनीच जीभ चावली.

"पोराचं काम नाही ते," धाकटे म्हणाले. "त्याला शिंपी लागतो."

समारंभाच्या आदल्या दिवशी फीतवाले साहेबांच्या टेबलाशी नोंदवही घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर लाल शाईनं चौदा आकडे एकेक करून खोडले. प्रत्येकाशेजारी सही. नऊ ठिकाणी निळ्या शाईनं नवा आकडा आणि 'मोजणी: थोरले बंधू, शिंपी'. पाच ठिकाणी 'मोजले नाही. माहीत नाही'. साहेबांचा चेहरा असा झाला, जणू लाल शाई त्यांच्याच सदऱ्यावर सांडते आहे.

"अहो, पट्टी कोरून आली! फलक लागला!"

"फलकही बदलायला लागेल, साहेब," मुलगी म्हणाली. "सरासरी चूक आता पासष्ट नाही, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. आणि सदतीस नंबरची एकटीची साडेतीन मीटर."

"म्हणजे नकाशा आधीपेक्षा वाईट झाला?"

"नाही साहेब. आधीपेक्षा खरा झाला. वाईट तो आधीच होता, आपल्याला दिसत नव्हता."

समारंभ झाला. काचेची पेटी रिकामी नको म्हणून तिच्यात साहेबांनी कुठल्यातरी कबड्डीच्या सामन्यातला चषक ठेवला. मानपत्र वाचलं गेलं. त्यातली 'एकही रकाना' ही ओळ साहेबांनी वाचता वाचता गिळली. माझ्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर थोरले भाऊ बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. मी मागे उभा.

मग मुलीनं पडद्यावर नकाशा लावला. गावभर एकसारखी उतरत गेलेली निळी छटा, आणि मध्येच शिंप्याच्या गल्लीवर एक गडद खळगा, दिसायला अगदी विद्रूप. तिनं तो लपवला नाही. उलट बोट तिथंच ठेवलं. "ही विहीर शेजाऱ्यांसारखी वागत नाही," ती म्हणाली. "हिला स्वतः जाऊन विचारावं लागतं. बाकी सगळा नकाशा माझ्या वडिलांच्या एकतीस वर्षांच्या पायपिटीवर उभा आहे. आकडे इतके चोख होते म्हणूनच एक खोटा लगेच उठून दिसला."

लोकांना हसावं की टाळ्या वाजवाव्यात कळेना. फीतवाले मात्र उठून उभे राहिले आणि शेजारच्या, ओळख ना पाळख अशा माणसाला म्हणाले, "पाच साहेब आले नि गेले. एकाला सापडलो नाही. हिनं चार महिन्यांत धरलं. मुलगी आहे माझी!"

त्यांना मेमोही मिळाला, नोकरीतला पहिला आणि शेवटचा, निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी. 'नकाशा विभागाच्या निदर्शनास आल्यावरून' अशी त्याची सुरुवात होती. नकाशा विभाग म्हणजे एक टेबल आणि त्यावर त्यांची मुलगी. मानपत्र त्यांनी कपाटावर ठेवलं. मेमो चौकट करून बैठकीच्या भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवतात, खालच्या ओळींपर्यंत सहसा कुणाला पोचू देत नाहीत. रविवारी शिंप्याच्या परसात दोघे भाऊ विहीर मोजतात. कठड्यावरून की चाकावरून, यावर दर रविवारी भांडण होतं, पण चपला दाराशीच असतात.

आता हिशेब, कुणी काय किंमत भरली त्याचा. फीतवाल्यांनी चौदा आकडे आणि काचेची पेटी भरली. मुलीनं फलकावरचे दोन सेंटिमीटर भरले, आणि कायम व्हायच्या नोकरीऐवजी तिला आणखी सहा महिन्यांची मुदत मिळाली. थोरल्यांनी एका विनोदापायी सात वर्षं भरली. मी खुर्ची भरली, शिवाय मलाही मेमो आला: 'माहिती असून कळवले नाही.' उत्तरात मी लॉगबुक जोडलं. अजून कुणी उघडलेलं नाही. साहेबांनी काहीच भरलं नाही, साहेब भरत नसतात.

आणि सगळ्यात जास्त कुणी भरलं, तर ज्यांचं नाव नोंदवहीत, मापवहीत, लॉगबुकात कुठंच नाही त्या गल्लीतल्या बायकांनी. तीन उन्हाळे, रोज दोन खेपा, दोन गल्ल्या पलीकडून. मुलीनं ते अंतर नकाशावर मोजलं होतं. एका घरामागे दर उन्हाळ्याला सव्वाशे किलोमीटर निघालं. पहिला टँकर घेऊन मीच गेलो त्या गल्लीत. चार किलोमीटर लिहिले. बाकीचे त्यांनी आधीच चालून टाकले होते.